वाक्याची वंशावळ

इंग्रजी शाळेच्या वरच्या वर्गांतून ज्यांनीं विद्या संपादन केली, त्यांना 'ॲनालिसिस' नांवाचा एक तास आठवत असेल. फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहिलेलें असावें, खालीं रकाने आंखलेले असावेत, आणि उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कोणतें पोटवाक्य कोणत्या शब्दाला लटकलें आहे, हें त्या रकान्यांत भरावें, असा तो उद्योग. मराठीच्या तासालाहि 'वाक्यपृथक्करण' ह्या नांवाखालीं तोच पाठ गिरवावा लागे. परीक्षेंतले गुण पदरांत पडले कीं तें सर्व विसरून जावें, अशीच बहुतेकांची रीत. परंतु ह्या नीरस रकान्यांच्या पोटांत एक असा प्रश्न दडलेला होता कीं, त्याच्या पायीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाषाशास्त्रज्ञ, गणिती आणि गणकयंत्रांचे कर्ते ह्यांनीं तीस वर्षें वाद घातला. वाक्य हें शब्दांच्या नुसत्या ओळीचें बनतें, कीं शब्दांच्या गटांचें, त्या गटांतील उपगटांचें? आणि गटांचेंच बनत असेल, तर ते गट पाडण्याचे नियम किती साधे असूं शकतात? ह्या वादाचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

वाक्याची आकृति काढण्याची हौस मूळची अमेरिकन शिक्षकांची. १८४७ मध्यें स्टीफन क्लार्क ह्यांनीं आपल्या व्याकरणांत प्रत्येक शब्दाभोंवतीं फुगा काढून ते फुगे एकमेकांस जोडले. पुढें १८७७ सालीं ब्रुकलिनचे रीड आणि केलॉग ह्या दोघां शिक्षकांनीं फुग्यांच्या जागीं रेघा आणल्या, आणि त्या रेघांनीं अमेरिकन शाळांत अनेक पिढ्या राज्य केलें. हीं सर्व शिकविण्याचीं साधनें होतीं. शास्त्राचा दावा त्यांत नव्हता. तो १९३३ मध्यें लिओनार्ड ब्लूमफील्ड ह्यांच्या 'लँग्वेज' ह्या ग्रंथानें आणला. हे गृहस्थ पाणिनीचे निस्सीम चाहते; अष्टाध्यायी त्यांनीं नुसती वाखाणली नव्हती, अभ्यासिली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, वाक्याचे प्रथम दोन मोठे तुकडे पडतात, त्या प्रत्येकाचे आणखी दोन, आणि असें करीत करीत आपण शब्दांपर्यंत व शब्दांच्याहि अवयवांपर्यंत पोंचतों. ह्या जवळच्या तुकड्यांना त्यांनीं 'सन्निहित घटक' अशा अर्थाचें नांव दिलें. १९४६ मध्यें झेलिग हॅरिस ह्यांनीं व १९४७ मध्यें रुलन वेल्स ह्यांनीं ही पद्धति अधिक कांटेकोर केली. 'ओल्ड मेन अँड विमेन' एवढीच ओळ घ्या. म्हातारे कोण? केवळ पुरुष, कीं बायकाहि? शब्द तेच, क्रम तोच. पण कात्री कोठें चालविली त्यावर अर्थ ठरतो. शब्दांची ओळ एक आणि वंशावळी दोन, ही गोष्ट एकदां लक्षांत आली म्हणजे वाक्य हें ओळ नसून वृक्ष आहे, हें पटविण्यास दुसरा पुरावा नको.

येथें एक गोष्ट मध्येंच सांगितली पाहिजे. वाक्याचे असे सलग तुकडे पाडण्याची कल्पना इंग्रजीच्या अंगणांत वाढली हा निव्वळ योगायोग नव्हे. आपल्याकडे 'रामानें रावणाला मारलें' हें उलटसुलट करून 'रावणाला रामानें मारलें' असें म्हटलें तरी रामाचा बाण रामाकडेच राहतो, कारण कर्ता कोण व कर्म कोण हें विभक्तीचे प्रत्यय सांगतात. इंग्रजींत प्रत्यय झिजून गेलेले. तेथें जागा बदलली कीं मारणारा मरतो. ज्या भाषेंत शब्दाचें स्थान हेंच त्याचें कर्तव्य ठरवितें, तेथें स्थानांचें शास्त्र निघावें हें स्वाभाविक होय. पाणिनीनें संस्कृतासाठीं कारकांचा मार्ग धरला, तोहि त्याच न्यायानें.

हॅरिस ह्यांचे एक शिष्य होते, नोम चॉम्स्की. फिलाडेल्फियांत १९२८ मध्यें जन्मलेला हा तरुण ११ सप्टेंबर १९५६ रोजीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें भरलेल्या एका परिषदेपुढें उभा राहिला. परिषद होती माहिती-सिद्धांताची. श्रोते बहुतेक तारायंत्र-टेलिफोनच्या विद्येंत मुरलेले. निबंधाचा विषय होता भाषावर्णनाचे तीन नमुने. गुरूंच्या पिढीनें वाक्याचे तुकडे हातानें पाडले होते. चॉम्स्कींनीं प्रश्न उलटा केला. वाक्य तोडावयाचें कसें हें विचारूं नका. भाषेंतील सर्व शुद्ध वाक्यें निर्माण करील आणि अशुद्ध एकहि करणार नाहीं, असा नियमांचा संच लिहून दाखवा. अशा नियमांचें गणित एमिल पोस्ट ह्या गणित्यानें १९४३ मध्यें तयार करून ठेवलेलें होतेंच. एका चिन्हाच्या जागीं दुसरीं चिन्हें लिहीत जाण्याची ती रीत होती.

प्रत्यक्ष उदाहरणावांचून हें कळणें कठीण. असें धरा कीं आपले नियम तीनच आहेत. पहिला: वाक्य म्हणजे नामखंड आणि त्यापुढें क्रियाखंड. दुसरा: नामखंड म्हणजे उपपद आणि नाम. तिसरा: क्रियाखंड म्हणजे क्रियापद आणि नामखंड. शब्द सातच घेऊं: उपपदें 'द' आणि 'अ', नामें 'टीचर', 'बॉय' आणि 'लेटर', क्रियापदें 'सॉ' आणि 'रोट'. हिशेब केला तर नामखंड सहा होतात, क्रियाखंड बारा, आणि वाक्यें बहात्तर. सात शब्दांच्या भांडवलावर बहात्तर वाक्यें हा व्यवहार वाईट नाहीं! त्यांत 'द बॉय रोट अ लेटर' आहे आणि 'द लेटर रोट अ टीचर' हेंहि आहे. पत्रानें शिक्षक लिहिला! हें ऐकून हंसूं येईल, पण त्यांत व्याकरणाची चूक कोणती, हें सांगतां येणार नाहीं. शुद्धता आणि अर्थ ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत असा चॉम्स्कींचा आग्रह होता, आणि तो ह्या लहानशा खेळांतहि दिसतो. आतां चौथा नियम घाला: नामखंड म्हणजे नामखंड आणि संबंधखंड, आणि पांचवा: संबंधखंड म्हणजे शब्दयोगी अव्यय आणि नामखंड. 'नियर' हा एकच शब्द वाढवा. नामखंडाच्या पोटांत नामखंड शिरला. 'द बॉय नियर द टीचर', मग 'द बॉय नियर द टीचर नियर अ बॉय', आणि पुढें हवें तितकें. बहात्तरांचा आंकडा क्षणांत अनंत झाला. मूल मर्यादित वाक्यें ऐकतें आणि पूर्वीं कधीं न ऐकिलेलीं वाक्यें बोलतें, ह्या रोजच्या चमत्काराची गणिती बाजू ती हीच.

ह्या जातीच्या नियमांना 'संदर्भनिरपेक्ष' म्हणतात. हें विशेषण समजण्यास आम्हां भारतीयांस पाणिनीचा आधार पुरतो. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होतें. पाणिनीचा नियम असा कीं, इकाराच्या जागीं यकार यावा, पण केव्हां? पुढें स्वर असेल तेव्हां. ज्याच्या जागीं यावयाचें तें षष्ठींत, जें यावयाचें तें प्रथमेंत, आणि ज्याच्यापूर्वीं यावयाचें तें सप्तमींत घालून त्यानें ही सगळी अट मोजक्या अक्षरांत बसविली. ही सप्तमी म्हणजे संदर्भ. ज्या नियमांत ती सप्तमीच नाहीं, शेजारी कोण बसला आहे इकडे न पाहतां जेथें नामखंड दिसेल तेथें त्याचा विस्तार करावा असें जो नियम सांगतो, तो संदर्भनिरपेक्ष. चॉम्स्कींनीं स्वतः १९६५ मध्यें आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेंत पाणिनीचें व्याकरण ह्याच निर्मितिशील पद्धतीचा अंश मानतां येईल असें नमूद केलें आहे. आमच्याकडील कांहीं उत्साही लेखक ह्यावरून सारें आधुनिक भाषाशास्त्र अष्टाध्यायींतून उचललें असें सुचवितात. तें आम्हांस मान्य नाहीं. पाणिनीचे सुमारें चार हजार नियम एका विशिष्ट भाषेचीं रूपें सिद्ध करतात. नियमांच्या कोणत्या जातीची शक्ति किती, हा प्रश्नच निराळा आहे, आणि तो विचारण्याचें श्रेय नव्यांनाच दिलें पाहिजे.

तीन नमुन्यांपैकीं पहिला सर्वांत दुबळा. एकेक शब्द उच्चारीत पुढें सरकणारें आणि मोजकीच आठवण ठेवणारें यंत्र, असा तो नमुना. परिषदेंतील तारायंत्रवाल्यांचा तो आवडता. चॉम्स्कींनीं दाखविलें कीं इंग्रजी त्यांत मावत नाहीं. 'द डॉग बार्क्ड', कुत्रा भुंकला. 'द डॉग द बॉय फेड बार्क्ड', मुलानें ज्याला खाऊं घातलें तो कुत्रा भुंकला. 'द डॉग द बॉय द टीचर स्कोल्डेड फेड बार्क्ड', शिक्षकानें ज्याला दटावलें त्या मुलानें ज्याला खाऊं घातलें तो कुत्रा भुंकला. नामें जितकीं पुढें आलीं तितकींच क्रियापदें मागून उलट्या क्रमानें आलीं पाहिजेत. घरांत ताटांची चळत रचतांना शेवटीं ठेवलेलें ताट जसें प्रथम उचललें जातें, तसा हा प्रकार आहे. चळत कितीहि उंच होऊं शकते. मोजकी आठवण ठेवणारें यंत्र ती सांभाळूं शकत नाहीं. तिसरें वाक्य बोलतांना कोणाहि इंग्रजाची जीभ अडखळेल हें खरें. पण तो दोष नियमाचा नव्हे, दमाचा.

दुसरा नमुना म्हणजे संदर्भनिरपेक्ष व त्याच्या जवळच्या नियमांचा. आणि गंमत अशी कीं, हें हत्यार ज्यानें घडविलें त्यानेंच तें अपुरें म्हणून बाजूस ठेवलें. 'हॅज बीन रीडिंग' ह्यांत 'हॅव' आपला प्रत्यय पुढच्या शब्दावर टाकतो, 'बी' आपला त्याच्याहि पुढच्यावर. कर्मणि प्रयोगांत कर्ता-कर्म जागा बदलतात. हें सर्व तुकड्यांच्या नियमांनीं सांगतां येत नाहीं असें नव्हे, पण तें फार गबाळें होतें, असें चॉम्स्कींचें मत. म्हणून एका तयार वृक्षाचा दुसरा वृक्ष करणारे 'रूपांतरणाचे' नियम त्यांनीं तिसऱ्या नमुन्यांत आणले. १९५७ मध्यें हेगच्या मूतों कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' ह्या लहानशा पुस्तकानें तें मत जगभर पसरलें. 'अपुरें' ह्याचे अर्थ दोन होतात, अशक्य आणि गैरसोयीचें. चॉम्स्कींनीं प्रामुख्यानें दुसरें म्हटलें होतें, शिष्यांनीं पहिलें ऐकलें. पुढचा सारा घोटाळा येथून निघाला.

इकडे टाकलेलें हत्यार दुसऱ्यांनीं उचललें. गणकयंत्रास आज्ञा देण्याच्या कृत्रिम भाषा तेव्हां नुकत्याच जन्मत होत्या. १९५९ मध्यें पॅरिसच्या परिषदेंत जॉन बॅकस ह्यांनीं अशा एका भाषेचें व्याकरण ज्या चिन्हपद्धतीनें मांडलें, आणि १९६० मध्यें पीटर नाउर ह्यांनीं 'अल्गोल'च्या वृत्तांतांत जी वापरली, ती वस्तुतः संदर्भनिरपेक्ष व्याकरणाचीच रीत होती. १९६७ मध्यें इंगरमन नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें तिला 'पाणिनि-बॅकस पद्धति' म्हणावें अशी सूचना केली. नांव फारसें रुजलें नाहीं.

मनुष्याच्या भाषेवरहि यंत्रें चालविण्यांत आलीं, आणि तेथें एक अनपेक्षित संकट उभें राहिलें. यंत्राला वाक्य समजेना अशी अडचण नव्हती. त्याला तें फार प्रकारांनीं समजूं लागलें. हार्वर्ड विद्यापीठांत ओटिंगर आणि कुनो ह्यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत जें पृथक्करणयंत्र चालविलें, त्याच्या संदर्भांत 'टाइम फ्लाइज लाइक ॲन ॲरो' हें वाक्य प्रसिद्धीस आलें. काळ बाणासारखा उडतो, हा आपला अर्थ. पण 'फ्लाइज' म्हणजे माशा आणि 'लाइक' म्हणजे आवडणें असेंहि घेतां येतें, मग काळ-माशांना बाण आवडूं लागतो! क्रियापदापुढें कर्म आणि त्यापुढें एक संबंधखंड आला कीं दोन वंशावळी होतात, दोन आले कीं पांच, तीन आले कीं चौदा, चार आले कीं बेचाळीस, पांच आले कीं एकशें बत्तीस. वाचणाऱ्यास त्यांतील एकच दिसते. बाकीच्या एकशें एकतीस आपण न कळत कशा फेंकून देतों, हें कोडें व्याकरणाच्या नियमांनीं सुटण्यासारखें नव्हतें.

आतां मुख्य वादाकडे येऊं. इंग्रजी, किंवा मनुष्याची कोणतीहि भाषा, संदर्भनिरपेक्ष नियमांत खरोखर मावते कीं नाहीं? १९६० ते १९८० ह्या काळांत मावत नाहीं हें सिद्ध झालें आहे, असें पाठ्यपुस्तकें बेधडक सांगत. कोणी म्हणे, कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापदहि तसेंच लागतें, म्हणून संदर्भ आलाच. हा तर उघड भ्रम. एकवचनी नामखंड आणि अनेकवचनी नामखंड अशीं दोन चिन्हें केलीं कीं काम भागतें. कोणी 'रिस्पेक्टिव्हली' ह्या शब्दावर भिस्त ठेवी: अमुक, तमुक आणि फलाणा हे अनुक्रमें हें, तें आणि पलीकडचें करतात, तेव्हां दोन्ही याद्यांची संख्या जुळलीच पाहिजे. एका विद्वानानें तर 'पाय' ह्या संख्येच्या दशांश आंकड्यांचा आधार घेतला. इंग्रजींत ते आंकडे चुकीचे सांगितले तर वाक्य अशुद्ध होतें असें त्याचें म्हणणें! १९६४ मध्यें पॉल पोस्टल ह्यांनीं अमेरिकेंतील मोहॉक लोकांच्या भाषेवरून अधिक गंभीर पुरावा मांडला.

१९८२ मध्यें जेफ्री पुलम आणि जेरल्ड गॅझ्डार ह्या दोघां इंग्रजांनीं हे सगळे पुरावे एकत्र करून तपासले. निकाल असा लागला कीं एकहि टिकला नाहीं. कांहींत गणित चुकलें होतें. कांहींत गणित बरोबर, पण भाषेची माहितीच खोटी. याद्यांची संख्या जुळली नाहीं तर वाक्य गोंधळाचें होतें, अशुद्ध होत नाहीं. आणि 'पाय'चा आंकडा चुकणें ही अंकगणितांतली चूक आहे, व्याकरणांतली नव्हे. वीस वर्षें विद्यार्थ्यांना जें सिद्ध म्हणून शिकविलें तें सिद्धच नव्हतें. विद्वत्तेच्या इतिहासांत एकानें म्हटलें म्हणून दुसऱ्यानें म्हणावें हा प्रकार पुष्कळ आढळतो, पण गणिताची साक्ष काढून इतका चाललेला आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं. गॅझ्डार येथेंच थांबले नाहींत. रूपांतरणांवांचून, केवळ संदर्भनिरपेक्ष नियमांवर इंग्रजीचें सविस्तर व्याकरण उभें करण्याचा त्यांनीं निश्चय केला. 'हूम डिड यू सी' ह्यांत 'सी'चें कर्म वाक्याच्या आरंभीं पळून गेलें आहे. तर मग 'ज्यांत एक नामखंड कमी आहे असा क्रियाखंड' हें एक नवें चिन्हच करावें, आणि ती उणीव पिढ्यान् पिढ्या वृक्षांतून खालीं पोंचवावी, ही त्यांची युक्ति. क्लाइन, पुलम आणि सॅग ह्यांच्या साहाय्यानें १९८५ मध्यें त्यांनीं ग्रंथ पुरा केला. चॉम्स्कींनीं ज्याला गबाळें म्हटलें होतें तें इतकें नीटनेटकें होऊं शकतें, हें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. १९८४ मध्यें हिगिनबॉथम ह्यांनीं इंग्रजीविरुद्ध नवा पुरावा आणला, त्याला पुलम ह्यांनीं पुढच्याच वर्षीं उत्तर दिलें; आणि खुद्द इंग्रजीपुरता हा खटला सर्वमान्य निकालावांचून राहिला आहे.

पण मनुष्यभाषेचा निकाल इंग्रजीबाहेर लागला, आणि तोहि त्याच १९८५ मध्यें. साक्षीदार होती झुरिककडची स्विस जर्मन बोली. स्टुअर्ट शीबर ह्यांनीं तिच्यांतील पोटवाक्यें पुढें केलीं. आपण म्हणतों: 'आम्ही मुलांना हान्सला घर रंगवायला मदत करूं दिली.' नामें मुलें, हान्स, घर. क्रिया रंगविणें, मदत करणें, देणें. शेवटचें नाम पहिल्या क्रियेचें, पहिलें नाम शेवटच्या क्रियेचें. मराठीची ही चळतच होय, आणि ती संदर्भनिरपेक्ष नियमांत सुखानें बसते. स्विस बोलींत मात्र नामांचा क्रम हाच राहून क्रिया येतात त्या देणें, मदत करणें, रंगविणें अशा! पहिलें नाम पहिल्या क्रियेचें, दुसरें दुसरीचें. ताटांची चळत नव्हे, ही तिकिटाच्या खिडकीपुढची रांग झाली. शिवाय तेथें 'मदत करणें' ह्याला चतुर्थी लागते आणि 'देणें' ह्याला द्वितीया, तेव्हां कोणतें नाम कोणाचें हें प्रत्ययच साक्षीला उभे राहून सांगतात. संदर्भनिरपेक्ष नियमांना रांग साधत नाहीं, हें गणितानें आधींच सिद्ध होतें. आफ्रिकेंतील बंबारा भाषेच्या शब्दरचनेवरून क्रिस्टोफर कली ह्यांनीं त्याच सुमारास तसाच निष्कर्ष काढला.

आतां प्रश्न उरला तो किती अधिक शक्ति पाहिजे हा. ह्याचें उत्तर देणारे गृहस्थ पुण्याचे निघाले. अरविंद जोशी ह्यांचा जन्म १९२९ मध्यें पुण्यांत झाला. १९५० मध्यें पुणें विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बंगलोरला आणि तेथून अमेरिकेंत गेले, आणि पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत त्यांनीं हयात घालविली. १९७५ मध्यें लेव्ही आणि ताकाहाशी ह्यांच्याबरोबर त्यांनीं एक निराळेंच व्याकरण मांडलें. त्यांत मूळ द्रव्य चिन्हें नव्हेत, तर लहान लहान वृक्षच असतात. आणि एका वृक्षाची फांदी मध्येंच कापून तेथें दुसरा वृक्ष बसवावयाचा व कापलेला भाग त्या नव्या वृक्षाच्या पायाशीं जोडावयाचा, ही त्याची मुख्य क्रिया. आंब्याला कलम करतात तसाच हा प्रकार. ह्या कलमानें रांग साधते, आणि तरीहि शक्ति बेसुमार वाढत नाहीं. वाक्य दुप्पट लांब झालें तर संदर्भनिरपेक्ष व्याकरणाच्या यंत्राला प्रचलित रीतीनें फार तर आठपट काम पडतें. जोशींच्या व्याकरणाला चौसष्टपट. महाग खरें, पण आवाक्यांतलें. १९८५ मध्यें त्यांनीं ह्या पायरीला 'किंचित् संदर्भसापेक्ष' असें नांव दिलें. पुढें त्यांचेच शिष्य विजय-शंकर ह्यांनीं डेव्हिड वीअर ह्यांच्यासह १९९४ मध्यें दाखविलें कीं, स्वतंत्रपणें निघालेलीं चार निरनिराळीं व्याकरणें शक्तीनें नेमकीं ह्याच पायरीवर येऊन उभीं राहतात.

जोशी २०१७ च्या ३१ डिसेंबरला वारले. विद्यार्थिदशेंत, १९५८ आणि १९५९ मध्यें, त्यांनीं हॅरिस ह्यांच्या हाताखालीं युनिव्हॅक यंत्रावर इंग्रजी वाक्यांचें पृथक्करण करणाऱ्या पहिल्या कार्यक्रमांपैकीं एकावर काम केलें होतें. जवळजवळ चाळीस वर्षांनीं, १९९६ मध्यें, मूळ कागदपत्रांवरून त्यांनीं तो एका सहकाऱ्यासह पुन्हा चालता केला, आणि त्यावरील निबंधाला पुराणकाळचें पृथक्करणयंत्र अशा अर्थाचें नांव दिलें. त्या जुन्या कार्यक्रमांत वृक्ष नव्हते कीं कलम नव्हतें; चॉम्स्कींनीं १९५६ मध्यें दुबळा म्हणून ठरविलेला पहिलाच नमुना, एकावर एक थर लावून, तेथें वापरलेला होता; आणि १९९० नंतरच्या वर्षांत यंत्रकर्ते पुन्हा त्याच युक्तीकडे वळले होते.